वर्गणी कशाबद्दल?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे, पुतणे व भाचे सांप्रत पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांतील कारखान्यांत कामास आहेत. आतां मुलीही जाऊं लागल्या आहेत. पिंपरीस १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि जेथें पूर्वीं ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं तेथें मोटारी, फटफट्या व त्यांचे सुटे भाग तयार होऊं लागले. खेड्यांतून गेलेला मुलगा तेथें चौघां-पांचांबरोबर एका खोलींत राहतो, पाळीवर जातो, आणि पाळी सुटल्यावर त्याची शाळा, त्याचें वर्तमानपत्र, त्याची करमणूक व त्याचा सल्लागार हें सर्व एका मोबाईलमध्यें असतें. त्या मोबाईलवर कोणी त्याच्याच बोलींत त्यास सीएनसी यंत्राचा प्रोग्राम कसा लिहावा हें शिकवितो, कोणी आयटीआयच्या परीक्षेची तयारी करून घेतो, कोणी गांवाकडच्या गोष्टी सांगून हंसवितो, कोणी शेअरबाजार समजावून देतो. हें सर्व आरंभीं फुकट असतें. पुढें एके दिवशीं तो सांगणारा म्हणतो कीं, माझें काम तुमच्या उपयोगीं पडत असेल तर दरमहा इतके रुपये द्या व माझे सभासद व्हा. जे सभासद होतील त्यांस अधिक कांहीं मिळेल.

हा प्रश्न शहरांतला आहे, आपला नव्हे, असें कोणीं समजूं नये. जो पैसा जातो तो पुष्कळदां घरीं पाठवावयाच्या पैशांतूनच जातो; आणि जो मागतो तोही कधीं कधीं आपल्याच घरचा मुलगा असतो. म्हणून असें मागणें योग्य कीं अयोग्य, आणि योग्य असल्यास कशाबद्दल मागावें, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. वर्तमानपत्राचा वर्गणीदार म्हणजे पैसे भरणारा, हा अर्थ आपल्या भाषेंत फार दिवसांपासून रूढ आहे. यूट्यूबवर मात्र ज्यास सबस्क्राइबर म्हणतात तो एक कवडीही देत नाहीं. या माणसाचें नवें कांहीं निघालें तर मला कळवा, इतकेंच त्यानें एक बटण दाबून सांगितलेलें असतें. एखाद्याचे लाख सबस्क्राइबर आहेत असें ऐकून खेड्यांतील माणूस त्यास लक्षाधीश समजतो, तें खरें नव्हे. पैसे देणारे ते निराळे. त्यांस तेथें मेंबर म्हणतात. पॅट्रिऑन नांवाची कंपनी २०१३ मध्यें अमेरिकेंत निघाली, तिनें अशा नियमित वर्गणीचा व्यवहार पुष्कळांस परिचित करून दिला. २०१८ मध्यें यूट्यूबनें आपल्याकडे तसें दालन उघडलें, आणि पुढें इन्स्टाग्रामनेंही तोच मार्ग धरिला. यूट्यूब या वर्गणींतील शेंकडा ३० आपणाकडे ठेवितें व ७० त्या माणसास देतें. कित्येक जण हा वांटा टाळण्याकरितां व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर बंद गट करून पैसे सरळ यूपीआयनें घेतात.

हे लोक वर्गणी कां मागतात? लोभामुळें, असें एकदम म्हणणें अन्यायाचें होईल. जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यास यूट्यूबवर सामान्यतः १,००० सबस्क्राइबर व वर्षभरांत लोकांनीं ४,००० तास पाहिलेलें काम असावें लागतें. इतकें झाल्यावरही तो पैसा पाहणारांच्या गर्दीवर अवलंबून असतो, आणि गर्दीस काय आवडतें हें जत्रेंत गेलेल्या कोणासही ठाऊक आहे. लेथवर आटे कसे पाडावे हें नीट समजावून सांगणाराकडे पांचशें माणसें येतील. दोघांचें भांडण दाखविणाराकडे पांच लाख येतील. जाहिरातदार मोजतो तीं डोकीं. तेव्हां चांगलें शिकविणारास हळूहळू असा मोह पडतो कीं आटे बाजूस ठेवावे आणि आपणही एखादें भांडण उकरून काढावें. त्यापेक्षां ज्या पांचशें जणांस त्याच्या शिकविण्याची खरी गरज आहे त्यांतील कांहींनीं त्यास थोडे थोडे दिले, तर तो जत्रेच्या हुकमतींतून सुटतो. वर्गणीच्या बाजूनें हें सर्वांत बळकट बोलणें आहे, आणि आम्हांस तें मान्य आहे.

केव्हिन केली नांवाच्या अमेरिकन लेखकानें २००८ मध्यें एक निबंध लिहून असें मांडिलें कीं, कलावंतास लाखो लोकांची आवश्यकता नाहीं. त्याच्यासाठीं वर्षास शंभर डॉलर खर्चतील असे एक हजार खरे चाहते मिळाले म्हणजे त्याचा संसार चालतो. हा हिशेब आतां सर्वत्र सांगितला जातो. तो आपल्या रुपयांत करून पाहूं. भोसरीच्या एखाद्या टर्नरास दरमहा शंभर रुपये देणारे हजार मेंबर मिळाले असें धरूं. एक लाख रुपये झाले. यूट्यूबचा वांटा गेल्यावर सत्तर हजार उरले. चाकणच्या कंत्राटी कामगारास महिनाभर उभें राहून जें मिळतें त्याच्या हें कितीतरी अधिक आहे. परंतु येथें थोडें थांबावें. त्या हजारांतील पुष्कळ जण तेच कंत्राटी कामगार असणार. मागणाराच्या वहींत हजार हा आंकडा असतो. देणाराच्या वहींत एकच असतो, आणि तो शंभर रुपयांचा असतो. त्यांतून त्याचें एका वेळचें चांगलें जेवण होतें, किंवा घरीं जाण्याच्या एसटीच्या भाड्याचा भाग निघतो. हजार लोकांचा मिळून विचार करणें सोपें आहे, कारण हजार लोकांचें मिळून तोंड नसतें. ज्यास वर्गणी मागावयाची आहे त्यानें त्या एका माणसाचें तोंड डोळ्यांपुढें आणावें, आणि त्याच्या हातांत शंभर रुपयांच्या बदल्यांत आपण काय ठेवणार आहों तें पाहावें.

कांहीं सज्जन म्हणतात कीं विद्या विकूंच नये. हें बोलणें ऐकावयास थोर वाटतें, पण तें बहुधा अशांच्याच तोंडीं असतें ज्यांचें पोट दुसऱ्या कशावर तरी भरत असतें. टर्नरास कोणी म्हणत नाहीं कीं हा दांडा मला फुकट कातून दे. दहा मिनिटांचा एक चांगला धडा तयार करण्यांत त्याच्या साप्ताहिक सुटीचा सबंध दिवस जातो. तो दिवस त्याच्या मुलाबाळांचा असतो. त्याचें मोल मागण्यांत त्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं. आमच्या मंडळ्यांतील शिक्षकांचें वेतन कोणीं द्यावें याविषयीं पिढ्यान्‌पिढ्या खल झाला आहे, आणि जीं घरें धान्याची एक मूठ बाजूला काढून त्यांत भर घालीत आलीं त्यांस हें निराळें सांगावयास नको. मजुरी घेणें पाप नव्हे. प्रश्न इतकाच आहे कीं ती मजुरी कोणत्या कामाची.

या ठिकाणीं आपल्याकडील जुन्या वर्गणीकडे पाहिल्यास कांहीं उजेड पडतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ मध्यें निबंधमाला हें मासिक सुरू केलें आणि १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. त्यांतील बहुतेक मजकूर त्यांच्या एकट्याच्या हातचा होता. ख्रिस्ती उपदेशकांवर व जोतीराव फुल्यांवर त्यांनीं जें लिहिलें तें आम्हांस कधींही मान्य होण्याजोगें नाहीं. परंतु एका माणसानें स्वतःच्या लेखणीवर वाचकवर्ग मिळवावा व त्या वाचकांच्या वर्गणीवर तें काम चालवावें, याचा आपल्या भाषेंतील हा एक ठळक दाखला आहे. आजचा यूट्यूबवाला ज्यास नवा धंदा समजतो तो मुळांत नवा नाहीं.

नवें आहे तें दुसरेंच. त्या काळचा वर्गणीदार पैसे भरून छापील अंक घेई, आणि तो अंक त्याच्या घरांत कोंडलेला राहत नसे. शेजारी मागून नेई, शाळामास्तर नेई, चावडीवर कोणी मोठ्यानें वाची व ज्यांस अक्षरओळख नाहीं ते ऐकत. एका गांवांत एक वर्गणीदार असला तरी गांवास पत्र कळत असे. संपादक कुरकुरत असतील, कारण दहा वाचकांमागें एक वर्गणी; पण कागदाला कुलूप लावितां येत नव्हतें. म्हणजे एकानें भरलेला पैसा दहा जणांस दार उघडून देत होता. आजच्या मेंबरशिपमध्यें हें उलट होऊं शकतें. व्हिडिओवर 'फक्त सभासदांसाठीं' अशी पाटी असते. ज्यानें पैसे भरले तो आंत, इतर बाहेर. आणि आंतल्यास तो अंक शेजाऱ्याच्या हातांत देतां येत नाहीं. किंबहुना, इतर लोक बाहेर आहेत हेंच कित्येकदां त्याच्या पैशाचें फळ म्हणून त्यास दाखविलें जातें. दोन्ही ठिकाणीं शब्द वर्गणी हाच आहे; पण पहिल्या ठिकाणीं ती पाण्याच्या टाकीस दिलेल्या देणगीसारखी वागते आणि दुसऱ्या ठिकाणीं विहिरीभोंवतीं घातलेल्या भिंतीसारखी. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं गांवच्या पाणवठ्यावर दुरून हात पसरून उभें राहण्याचे दिवस काढिले, त्यांस भिंत म्हणजे काय हें समजावें लागत नाहीं.

याच लोकांच्या इतिहासांतील एक उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें. डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं मूकनायक पत्र सुरू केलें. त्यास कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं २,५०० रुपयांची मदत दिली होती. परंतु राजाची मदत एकदां येते, आणि पत्र दर पंधरवड्यास काढावें लागतें. तें थोड्याच वर्षांत बंद पडलें. मग ३ एप्रिल १९२७ पासून मुंबईस बहिष्कृत भारत निघूं लागलें. त्याचे रकानेच्या रकाने डॉक्टरसाहेब स्वतः लिहीत, आणि त्याबद्दल कांहीं घेत नसत. वाचक कोण? गिरणींतले, गोदींतले, रेल्वेंतले, पलटणींतून परत आलेले, आणि खेड्यांत महारकी करणारे. ज्यांस वाचतां येत होतें असे थोडे, आणि ज्यांस पैसे देतां येत होते असे त्याहून थोडे. पत्र कर्जांत बुडालें. तेव्हां त्यांनीं अग्रलेखांतून वाचकांपुढें असा प्रश्न ठेविला कीं, या पत्राचें ऋण हें लौकिक ऋण, म्हणजे लोकांनीं मिळून फेडावयाचें ऋण, नव्हे काय. येथें मागण्याची रीत लक्षांत घ्यावी. मला शंभर रुपये द्या म्हणजे तुम्हांस इतरांपासून राखून ठेविलेलें कांहीं देईन, असें ते म्हणाले नाहींत. जो पैसा देऊं शकतो त्यानें जो देऊं शकत नाहीं त्याच्यासाठींही द्यावा, कारण बोलणारा एक माणूस कोणाच्या मिंधेपणावांचून बोलत राहणें ही सर्वांची गरज आहे, असा त्या मागणीचा रोख होता.

वर्गणी पुरेशी आली नाहीं, आणि १९२९ च्या नोव्हेंबरांत तें पत्र बंद झालें. पुढें १९९० मध्यें महाराष्ट्र शासनानें मूकनायक व बहिष्कृत भारत यांचे अंक ग्रंथरूपानें पुन्हा छापिले, आणि आज ते ज्यांच्या घराण्यांत कोणीं एक पै भरली नव्हती असेही लोक वाचतात. तेव्हां ज्या कोणी गिरणीकामगारानें आपल्या तुटपुंज्या पगारांतून वर्गणी भरली, त्यानें स्वतःसाठीं काय विकत घेतलें? विशेष असें कांहींच नाहीं. त्याच्या पैशानें एका प्रेसमध्यें पंधरवडाभर शाई व कागद चालला.

एवढ्यावरून सभासदांसाठीं कांहींही निराळें ठेवूं नये, असा कडक नियम आम्हीं करीत नाहीं. वस्तूवस्तूंत भेद आहे. भोसरीच्या त्याच टर्नराकडे पुन्हा जाऊं. एखाद्या मेंबरानें आपला लिहिलेला प्रोग्राम त्यास पाठविला आणि यांत चूक कोठें आहे तें सांगा म्हटलें, तर तें एका माणसाचें एकासाठीं केलेलें काम आहे. त्याच्यांत वेळ जातो, आणि त्याचा वेगळा पैसा घेणें उचित आहे. धडा दोन दिवस आधीं दाखविला, त्याचें कागदावरील टिपण दिलें, तरी कोणाचें कांहीं बुडत नाहीं. परंतु पॉवर प्रेसवर हात घालतांना बोटें कशीं वांचवावीं, यंत्राला सुरक्षेची जाळी नसेल तर कोणाकडे तक्रार करावी, कंत्राटदार भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कापून भरीत नसेल तर तें कसें पाहावें, असलें ज्ञान जर त्यानें कुलुपाच्या आंत ठेविलें, तर त्याचा धंदा कायद्यानें कितीही निर्दोष असला तरी आमच्या मतें तो वाईट आहे. कोणाचें तरी बोट शंभर रुपये नसल्यामुळें जावें, हें त्या टर्नरास स्वतःला तरी झोंप लागूं देईल काय? जें पुष्कळांच्या हातपायांशीं व भाकरीशीं बांधलेलें आहे तें उघडें ठेवावें, आणि तें उघडें राहावें म्हणूनच वर्गणी मागावी. असें स्पष्ट सांगून मागितलें तर लोक देत नाहींत, असा एक समज आहे. पिंपरीच्या कामगारांनीं आजवर संपांत शेजारच्या कारखान्यांसाठीं डबे फिरवून वर्गण्या जमविल्या आहेत. ज्या संपांतून त्यांस स्वतःस एक रुपयाची पगारवाढ मिळणार नव्हती त्यासाठींही त्यांनीं पैसे टाकिले आहेत.

यापुढचा मोह अधिक सूक्ष्म आहे. शिकविण्यासारखें ज्याच्याजवळ फार नाहीं, पण ज्याचा स्वभाव लोकांस आवडतो, तो आपली जवळीक विकूं लागतो. पहिल्या पायरीच्या मेंबराच्या नांवापुढें एक खूण. दुसऱ्या पायरीस थेट प्रक्षेपणांत त्याच्या नांवाचा उच्चार. तिसऱ्या पायरीस आठवड्यांतून एकदां गप्पा. नांव घेण्यांत कांहीं वाईट नाहीं. गांवच्या उत्सवांतही देणगीदारांचीं नांवें कर्ण्यावरून पुकारितात आणि ऐकून ज्याचा तो सुखावतो. परंतु त्यास 'आपला परिवार', 'आपलें कुटुंब' हे शब्द जोडले जातात तेव्हां आम्ही सावध होतों. ज्या परिवारांतून या महिन्याचा हप्ता चुकला म्हणजे माणूस आपोआप बाहेर पडतो, त्यास परिवार म्हणतां येत नाहीं. चाकणच्या खोलींत एकटा पडलेला मुलगा, आई दोनशें कोसांवर, बोलावयास कोणी नाहीं. त्याच्या कानांत एक आपुलकीचा आवाज रोज रात्रीं बोलतो, आणि तो आवाज आपणांस ओळखतो असें त्यास वाटूं लागतें. बोलणारा त्यास ओळखत नाहीं. हजार लोकांस कोणीही ओळखूं शकत नाहीं. हा दोष त्या मुलाचा नव्हे. पण ज्यास हें ठाऊक आहे आणि तरी जो त्या एकटेपणावर पायऱ्या बांधून प्रत्येक पायरीची किंमत लावितो, त्यानें मजुरी घेतली असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्यापेक्षां त्यानें सरळ म्हणावें कीं मी तुमचा मित्र नव्हे, मी गोष्टी सांगणारा आहें, गोष्ट आवडली तर पैसे टाका. तमाशाचे फड असेंच करीत आले, आणि त्यांत फसवणूक नव्हती.

आतां जेथें फसवणूकच आहे त्याविषयीं. टेलिग्रामवर व व्हॉट्सॲपवर असे गट आहेत कीं ज्यांत दरमहा कांहीं शें किंवा कांहीं हजार रुपये भरले म्हणजे उद्यां कोणता शेअर घ्यावा, कोणता ऑप्शन विकावा, याच्या टिपा मिळतात. सेबी या सरकारी मंडळाचा नियम असा आहे कीं, नोंदणी केल्यावांचून असा सल्ला पैसे घेऊन देतां येत नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें सेबीनें अशाच एका प्रसिद्ध माणसाविरुद्ध अंतरिम हुकूम काढून, शिकवणीच्या नांवाखालीं बेकायदेशीर सल्ला देऊन मिळविलेले सुमारें १७ कोटी रुपये भरावयास सांगितलें. इतके पैसे लोकांनींच दिले होते. आणि ज्या बाजारांत जाण्यासाठीं हे पैसे दिले जातात त्याचें काय? सप्टेंबर २०२४ मध्यें सेबीनें आपली पाहणी प्रसिद्ध केली: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्स या प्रकारांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला, आणि तो खर्च धरून सरासरीनें माणशीं दोन लाखांच्या घरांत होता.

दोन लाख म्हणजे काय, हें कंत्राटी कामगाराच्या बापास विचारावें. बहिणीच्या लग्नासाठीं ठेविलेले, विहिरीच्या पंपासाठीं ठेविलेले, कधीं बँकेच्या ॲपवरून पांच मिनिटांत उचललेले. टिपा देणारा मात्र बुडत नाहीं. मेंबरांस नफा होवो वा तोटा, वर्गणी ठरल्या दिवशीं जमा होते. त्यानें लावलेल्या गाड्या, त्याचें परदेशचें हिंडणें हें सर्व त्याच्या बाजारांतील कौशल्याचा पुरावा म्हणून दाखविलें जातें. तें पुष्कळदां हजार लोकांच्या वर्गणीचें फळ असतें. ज्या माणसास सोनें करण्याची विद्या खरोखर येते तो ती महिना पांचशें रुपयांस कां विकील, एवढा एक साधा प्रश्न पैसे भरण्यापूर्वीं विचारला पाहिजे. अमक्या कंपनींत कायम लावून देतों म्हणून आगाऊ फी घेणारे जे गट आहेत त्यांची जातही हीच. यांच्याविषयीं आम्हीं अधिक लिहीत नाहीं, कारण येथें विचार करण्यासारखें कांहीं नाहीं, दूर राहावें.

एक लहानशी पण महत्त्वाची बाब राहिली. जुनीं मराठी पत्रें चाळणारास एक करुण विनोद पदोपदीं भेटतो. संपादक वर्गणीदारांस विनवितात, रागावतात; व्ही. पी. परत करूं नका म्हणून हात जोडतात. थकबाकीदारांचीं नांवें छापण्याचा धाक घालितात. अंक आधीं जाई, पैसे मागाहून येत, किंवा येतच नसत. आज हें पालटलें आहे. २०२० मध्यें यूपीआयवर ऑटोपे निघालें. एकदां संमती दिली कीं दरमहा रक्कम खात्यांतून आपोआप जाते. आतां पैसे आधीं जातात आणि काम मागाहून येतें, किंवा येतच नाहीं. थकबाकीदार वर्गणीदार नव्हे, लिहिणारा-बोलणारा झाला. रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२१ पासून नियम केला कीं कार्ड इत्यादींवरून असे पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधीं खातेदारास सूचना गेली पाहिजे. सूचना जाते, पण पाळी करून आलेला माणूस दिवसाला आलेले पन्नास संदेश वाचीत नाहीं. अशा विसरलेल्या लोकांचे पैसे महिन्यामागून महिना येत राहतात, आणि मेंबरांच्या गणतींत ते मोठ्या निष्ठेनें उभे दिसतात.

या पैशाचें काय करावें? कायदा येथें कांहीं विचारीत नाहीं, म्हणून प्रश्न नीतीचा उरतो. आमच्या मतें ज्यानें दोन महिने कांहीं काम दिलें नाहीं त्यानें तिसऱ्या महिन्याची वर्गणी स्वतःहून थांबवावी व तसें जाहीर करावें. आजारपण सर्वांस येतें, लेकराबाळांचीं दुखणीं येतात, कारखान्यांत दुहेरी पाळी लागते. लोक तें समजून घेतात. जें समजून घेतां येत नाहीं तें गप्प राहून घेत राहणें. दुसरें असें कीं वर्षांतून एकदां हिशेब सांगावा: इतके सभासद, इतकी रक्कम आली, इतकी कंपनीनें ठेविली, इतकी कॅमेऱ्यास व इंटरनेटास लागली, इतकी घरीं नेली. हें ऐकून कित्येक जण हंसतील कीं यूट्यूबवाला म्हणजे काय सार्वजनिक संस्था आहे? परंतु याच पट्ट्यांतील कामगार आपल्या भिशीचा हिशेब दरमहा सर्वांसमक्ष मागतो, युनियनच्या वर्गणीची पावती जपून ठेवितो, आणि गणेशोत्सवाच्या मंडळानें जमाखर्च फळ्यावर लाविला नाहीं तर चार ठिकाणीं बोलून दाखवितो. ज्यास तो दरमहा शंभर रुपये देतो त्याजकडेच तो हिशेब मागत नाहीं, कारण त्या देण्यास अजून आपल्यांत रीत पडलेली नाहीं. रीत घालण्याचें काम पहिल्यानें घेणाराकडे येतें.

असें वागणारास हजार सभासद मिळतील काय? बहुधा मिळणार नाहींत. चाळीस मिळतील, साठ मिळतील. शंभर रुपयांप्रमाणें चाळीसांचे चार हजार, कापून जाऊन अठ्ठावीसशें. त्यांत संसार होत नाहीं, आणि अशा वेळीं मुलें आपली पाळी सोडून देऊन सर्व वेळ यांतच घालावा म्हणजे आंकडा वाढेल असा बेत करितात. तेथून मग भांडणें, टिपा आणि परिवार यांकडे वाट वळते, कारण घरभाडें दर महिन्यास द्यावें लागतें. निबंधमाला सुरू झाली तेव्हां चिपळूणकर सरकारी शाळेंत शिक्षक होते, आणि ती नोकरी त्यांनीं १८७९ मध्यें सोडली. म्हणजे पहिलीं पांच वर्षें मालेचे अंक शाळा सांभाळून निघाले. आमच्या ओळखींत असा कोणी मुलगा असेल, ज्याचे चाळीस सभासद आहेत आणि ज्याचे धडे खरोखर उपयोगाचे आहेत, तर त्यास पाळी सोडावयास सांगूं नये. आणि त्याचे धडे पाहून आपला मुलगा शिकला असेल तर महिन्याचे शंभर रुपये त्यास पाठवावे, व पाठवितांना विचारावें कीं बाबा, गेल्या वर्षाचा हिशेब काय झाला.